मुंबई सिटी फुटबॉल क्लब

पूर्ण नाव: मुंबई सिटी फुटबॉल क्लब
टोपणनाव: आयलँडर्स
स्थापना: ३० ऑगस्ट २०१४
शहर: मुंबई, महाराष्ट्र
मैदान: मुंबई फुटबॉल अरेना, अंधेरी
लीग: इंडियन सुपर लीग
रंग: आकाशी निळा

मुंबई सिटी फुटबॉल क्लब हा महाराष्ट्रातील मुंबई शहरातील व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. त्याची स्थापना २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग या स्पर्धेच्या प्रारंभाबरोबर झाली. हा क्लब या स्पर्धेच्या पहिल्या हंगामापासून तीत खेळत आला आहे. क्लबने २०२०-२१ आणि २०२२-२३ या हंगामांत साखळी फेरीतील अग्रस्थानाबद्दल दिली जाणारी लीग शील्ड जिंकली, तर २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये बाद फेरीअंती दिला जाणारा चषक पटकावला. शील्ड आणि चषक एकाच हंगामात जिंकणारा तो पहिला संघ होय. आशियाई फुटबॉल महासंघाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मानही त्याच्याकडेच जातो. २०१९ ते २०२५ या काळात क्लबचे बहुतांश भागभांडवल इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी क्लबची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे होते. डिसेंबर २०२५ मध्ये हा समूह बाहेर पडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या हाती आला.

पार्श्वभूमी

मुंबईतील संघटित फुटबॉलला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. सुरुवातीच्या काळात या स्पर्धेवर ब्रिटिश लष्करी तुकड्यांच्या संघांचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली आणि रोव्हर्स चषक पटकावणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे अनेक दशके कुलाब्याजवळील कूपरेज मैदान हे शहरातील फुटबॉलचे केंद्र राहिले. बँका, रेल्वे, विमान कंपनी आणि गिरण्या-कारखाने यांचे संघ तेथे खेळत. खेळाडूला नोकरी आणि नोकरीबरोबर खेळ, अशी ही व्यवस्था होती.

या कार्यालयीन संघांतून पुढे आलेला सर्वांत यशस्वी संघ म्हणजे महिंद्रा युनायटेड. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ही लीग जिंकणारा महाराष्ट्रातील तो पहिलाच संघ होता. २००८ मध्ये त्याने ड्युरँड चषकही जिंकला. परंतु २००९-१० च्या हंगामानंतर कंपनीने संघ बंद केला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा संघ आय-लीगमध्ये अनेक वर्षे टिकून राहिला. २०१६-१७ च्या हंगामात तो खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि त्यानंतर त्याचे कामकाज थांबले. पुण्यातही असेच घडले. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला होता, तरीही दोन-तीन वर्षांतच तो मैदानातून नाहीसा झाला. भारत एफसी हा पुण्यातील आणखी एक संघ अवघा एक हंगाम, २०१४-१५ मध्ये, आय-लीग खेळला.

या संघांच्या अस्ताचे कारण दर वेळी मैदानावरचे अपयश नव्हते. क्लबचा खर्च एका कंपनीवर अवलंबून असे आणि कंपनीने निर्णय बदलला की संघ संपत असे. तिकीटविक्री, प्रक्षेपणहक्क आणि खेळाडूंची खरेदी-विक्री यांतून क्लब स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी स्थिती तेव्हा नव्हती. इंडियन सुपर लीगची कल्पना याच उणिवेवर उपाय म्हणून मांडली गेली.

स्थापना

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांच्या कराराने एका खासगी भागीदाराकडे सोपवले. पुढे हे हक्क रिलायन्स उद्योगसमूहाशी संबंधित फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड या कंपनीकडे आले. या कंपनीने २०१४ मध्ये आठ शहरांतील संघांची इंडियन सुपर लीग सुरू केली. शहराच्या नावाने संघाचे हक्क विकत घ्यायचे, या क्रिकेटमध्ये रूढ झालेल्या पद्धतीवर तिची रचना बेतलेली होती. प्रारंभी तिच्यात बढती किंवा पदावनती नव्हती.

मुंबईच्या संघाचे हक्क चित्रपट अभिनेते रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख यांनी घेतले. ३० ऑगस्ट २०१४ रोजी क्लबची अधिकृत स्थापना झाली.

इतिहास

पहिली तीन वर्षे (२०१४–२०१६)

क्लबचे पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे माजी खेळाडू पीटर रीड होते. त्या काळी प्रत्येक संघाने आपली ओळख म्हणून एक नामवंत परदेशी खेळाडू घ्यावा असा नियम होता. मुंबईने स्वीडनचा फ्रेडी युंगबर्ग याला या जागी घेतले. फ्रान्सचा निकोलस अनेल्का हाही संघात होता.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर स्पर्धेचा पहिलावहिला सामना झाला. त्यात मुंबईला अ‍ॅटलेटिको दि कोलकाता संघाकडून ०–३ अशी हार पत्करावी लागली. मात्र १८ ऑक्टोबर रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेल्या पहिल्या घरच्या सामन्यात मुंबईने एफसी पुणे सिटीचा ५–० असा पराभव केला. या सामन्यात ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झ याने तीन गोल केले. इंडियन सुपर लीगमधील ती पहिली हॅट्ट्रिक होय. हंगामाच्या शेवटी संघ आठांत सातवा आला.

२०१५ मध्ये अनेल्का याच्याकडे खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी आली. भारताचा कर्णधार सुनील छेत्री लिलावातून मुंबईकडे आला. नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध ५–१ अशा विजयात त्याने तीन गोल केले. या स्पर्धेत हॅट्ट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. याच हंगामात एफसी गोवाकडून मुंबईला ०–७ असा मोठा पराभवही स्वीकारावा लागला. संघ सहाव्या स्थानी राहिला.

२०१६ मध्ये कोस्टा रिकाचे अलेक्झांद्र गिमारायश प्रशिक्षक झाले आणि २०१० च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला उरुग्वेचा दिएगो फोर्लान संघात दाखल झाला. क्लबने नवी मुंबई सोडून अंधेरीचे मैदान घेतले. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध ५–० अशा विजयात फोर्लानने हॅट्ट्रिक केली. बचाव भक्कम झालेला हा संघ २३ गुणांसह साखळी फेरीत पहिला आला; पण उपांत्य फेरीत कोलकात्याच्या संघाकडून एकूण २–३ असा पराभूत झाला. त्या वेळी साखळीतील अग्रस्थानाबद्दल स्वतंत्र शील्ड दिली जात नसे. त्यामुळे या कामगिरीची नोंद विजेतेपद म्हणून होत नाही.

चढ-उतार (२०१७–२०२०)

२०१७-१८ पासून स्पर्धा दहा संघांची झाली आणि हंगाम लांबला. मुंबई त्या वर्षी सातव्या स्थानी घसरली. २०१८ मध्ये पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा प्रशिक्षक झाले. २००४ मध्ये युरोपीय चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्टो संघाचे ते कर्णधार होते. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघ तिसऱ्या क्रमांकावर आला. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध ६–१ अशा विजयात सेनेगलच्या मोदू सुगू याने एकट्याने चार गोल केले. उपांत्य फेरीत मात्र एफसी गोवाने मुंबईला अंधेरीत ५–१ असे हरवले. परतीचा सामना मुंबईने १–० ने जिंकला, परंतु तो पुरेसा नव्हता. २०१९-२० मध्ये संघ पाचवा राहिला आणि बाद फेरी एका स्थानाने हुकली.

सिटी फुटबॉल ग्रुपचे आगमन

२८ नोव्हेंबर २०१९ रोजी सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के भागभांडवल घेत असल्याचे जाहीर केले. उर्वरित ३५ टक्के कपूर आणि पारेख यांच्याकडे राहिले. मुंबई हा या समूहातील आठवा क्लब होता. न्यू यॉर्क, मेलबर्न, योकोहामा, माँटेव्हिडिओ आणि स्पेनमधील जिरोना येथील क्लब त्याच्याशी आधीच जोडलेले होते.

या समूहाच्या केंद्रस्थानी असलेला मँचेस्टर सिटी हा क्लब १८८० मध्ये गिरणगावातील एका चर्चचा संघ म्हणून सुरू झाला आणि १८९४ मध्ये त्याने आजचे नाव धारण केले. २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांच्याकडे त्याची मालकी गेली. खेळाडूंची पारख, प्रशिक्षकांची निवड आणि खेळाची शैली या बाबी समूहातील सर्व क्लबांनी वाटून घ्यायच्या, ही या समूहाची कार्यपद्धती आहे. मुंबईत तिचा परिणाम लवकरच दिसला. पुढे क्लबचे प्रशिक्षक झालेले डेस बकिंगहॅम आणि पेत्र क्रात्की हे दोघेही समूहातील मेलबर्न सिटी क्लबमधून आले.

दुहेरी विजेतेपद (२०२०-२१)

ऑक्टोबर २०२० मध्ये स्पेनचे सेर्जिओ लोबेरा यांची प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. त्यापूर्वी ते एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. गोव्यातील मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि ह्यूगो बूमू हे खेळाडूही त्यांच्यापाठोपाठ मुंबईकडे आले. चेंडूवर ताबा ठेवून, आपल्या गोलरक्षकापासून छोट्या पासेसने खेळ उभारण्याची त्यांची पद्धत होती.

कोविड-१९ च्या साथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर प्रेक्षकांविना खेळवला गेला. मुंबई आणि एटीके मोहन बागान यांच्यात अग्रस्थानासाठी शेवटपर्यंत चुरस राहिली. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी साखळीतील अखेरच्या सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले. मुर्तदा फॉल आणि बार्थोलोम्यू ओगबेचे यांच्या गोलांमुळे मुंबईने हा सामना २–० ने जिंकला. दोन्ही संघांचे ४० गुण झाले. परस्परांतील सामन्यांतील सरस कामगिरीच्या आधारे लीग शील्ड मुंबईला मिळाली.

उपांत्य फेरीत एफसी गोवाविरुद्धचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबईने ६–५ अशी बाजी मारली. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना पुन्हा एटीके मोहन बागानशी झाला. डेव्हिड विल्यम्सच्या गोलमुळे मुंबई पिछाडीवर पडली. प्रतिस्पर्धी बचावपटू तिरी याच्या स्वयंगोलामुळे बरोबरी झाली आणि ९० व्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगने विजयी गोल केला. क्लबला सातव्या हंगामात मिळालेले हे पहिले विजेतेपद होते. मात्र ते पाहण्यासाठी मैदानात एकही समर्थक नव्हता.

आशियाई पदार्पण (२०२२)

ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा समूहाच्या चीनमधील क्लबकडे गेले आणि इंग्लंडचे डेस बकिंगहॅम प्रशिक्षक झाले. २०२१-२२ मध्ये संघ पाचव्या स्थानी राहिला. तथापि शील्ड विजेता या नात्याने त्याला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळाला होता. एफसी गोवानंतर तेथे खेळणारा तो दुसरा भारतीय क्लब होता.

गटातील सर्व सामने एप्रिल २०२२ मध्ये सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे झाले. पहिल्या सामन्यात यजमान अल शबाबने मुंबईला ३–० ने हरवले. ११ एप्रिल रोजी इराकच्या अल कुवा अल जाविया या मातब्बर संघाविरुद्ध मुंबई पिछाडीवर होती. दिएगो मौरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मुंबईतच जन्मलेला बचावपटू राहुल भेके याने हेडरद्वारे निर्णायक गोल केला. २–१ असा हा विजय आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा पहिला विजय ठरला. परतीच्या सामन्यातही मुंबईने याच संघाला नमवले. दोन विजय, एक बरोबरी आणि सात गुणांसह संघ गटात दुसरा आला.

विक्रमी हंगाम (२०२२-२३)

सप्टेंबर २०२२ मध्ये ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळूर एफसीकडून मुंबईला १–२ अशी हार पत्करावी लागली. त्यानंतरच्या लीगमध्ये मात्र संघ पहिले १८ सामने अपराजित राहिला. लालियानझुआला छांगटे, ग्रेग स्टुअर्ट, होर्हे परेरा दियास आणि बिपिन सिंग यांच्या आक्रमक फळीमुळे संघाने २० सामन्यांत ५४ गोल केले. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फातोर्डा येथे एफसी गोवाला ५–३ असे हरवून, दोन सामने शिल्लक असतानाच, मुंबईने दुसऱ्यांदा शील्ड निश्चित केली. संघाचे ४६ गुण हा तोवरचा विक्रम होता. उपांत्य फेरीत बंगळूर एफसीने मुंबईला शूटआउटमध्ये ९–८ असे नमवले.

प्रशिक्षकबदल आणि दुसरा चषक (२०२३-२४)

२०२३-२४ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईच्या गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल, इराणचा नसाजी माझंदरान आणि उझबेकिस्तानचा नवबहोर हे संघ होते. या वेळी मुंबईला सहाही सामने गमवावे लागले. अल हिलालविरुद्धचा घरचा सामना नोव्हेंबर २०२३ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. ब्राझीलचा नेमार या सामन्यासाठी भारतात येईल अशी उत्सुकता होती. पण दुखापतीमुळे तो येऊ शकला नाही.

याच महिन्यात बकिंगहॅम इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेड या आपल्या गावच्या क्लबकडे गेले. डिसेंबरमध्ये चेक प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांनी सूत्रे घेतली. संघ शेवटच्या दिवसापर्यंत अग्रस्थानी होता. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानने मुंबईला २–१ असे हरवले आणि ४८ विरुद्ध ४७ अशा एका गुणाच्या फरकाने शील्ड नेली.

उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफसी गोवा ९० व्या मिनिटापर्यंत २–० ने पुढे होता. तेथून छांगटेचे दोन आणि विक्रम प्रताप सिंगचा एक, अशा शेवटच्या काही मिनिटांतील तीन गोलांच्या बळावर मुंबईने सामना ३–२ असा फिरवला. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर अंतिम सामन्यात गाठ पुन्हा मोहन बागानशीच पडली. जेसन कमिंग्जने यजमानांना आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात परेरा दियास, बिपिन सिंग आणि याकुब वोयतुश यांनी गोल केले व मुंबईने ३–१ असा विजय मिळवला. तीन आठवड्यांपूर्वी ज्या मैदानावर शील्ड हातची गेली होती, तेथेच क्लबने दुसऱ्यांदा चषक जिंकला.

घसरण आणि लीगवरील संकट (२०२४ पासून)

या यशानंतर संघाची बांधणी सैल झाली. मधल्या फळीतील अपुइया मोहन बागानकडे गेला. भेके बंगळूरकडे परतला. २०२४-२५ मध्ये मुंबई ३६ गुणांसह सहाव्या, म्हणजे बाद फेरीसाठी पात्र ठरणाऱ्या शेवटच्या स्थानी राहिली. २९ मार्च २०२५ रोजी बंगळूर एफसीने बाद फेरीत तिला ५–० असे पराभूत केले. दोन्ही चषकांच्या अंतिम सामन्यांत गोल करणारा बिपिन सिंगही त्या उन्हाळ्यात क्लब सोडून ईस्ट बंगालकडे गेला.

याहून मोठे संकट मैदानाबाहेरचे होते. महासंघ आणि फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड यांच्यातील पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. नूतनीकरणाची निश्चिती नसल्याने जुलै २०२५ मध्ये कंपनीने नवा हंगाम स्थगित ठेवला. महासंघाच्या घटनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता. त्यावर सप्टेंबरमध्ये निर्णय आला. त्यानंतर व्यापारी हक्कांसाठी काढलेल्या निविदेला एकाही कंपनीने प्रतिसाद दिला नाही. काही क्लबांनी या काळात खेळाडूंचे वेतन आणि सराव थांबवला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारी लीग वर्ष संपेपर्यंत सुरू झाली नव्हती.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमधील आपले भागभांडवल मूळ मालकांकडे परत सोपवले. व्यापारी बाबींचा आढावा आणि लीगच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता ही त्याची कारणे समूहाने दिली. सहा वर्षांच्या या सहभागात क्लबने दोन शील्ड आणि दोन चषक जिंकले होते. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी लीग होणार असल्याची घोषणा केली. त्यानुसार चौदा संघांचा, प्रत्येकी एकच सामना असलेला ९१ सामन्यांचा आखूड हंगाम १४ फेब्रुवारी २०२६ पासून ठरवण्यात आला.

मालकी आणि आर्थिक स्थैर्य

मुंबई सिटीचा इतिहास भारतीय व्यावसायिक फुटबॉलमधील एका जुन्या प्रश्नाशी जोडलेला आहे: मालक गेला तर क्लब उरतो का? इंग्लंडमध्ये लीगच्या अनेक श्रेणी एकमेकींखाली रचलेल्या आहेत. हरणारा क्लब खालच्या श्रेणीत जातो, पण खेळत राहतो. खुद्द मँचेस्टर सिटी १९९८-९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. ३० मे १९९९ रोजी जिलिंगहॅमविरुद्धच्या बढतीच्या सामन्यात तो अखेरच्या क्षणी सावरला आणि त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१२ मध्ये, इंग्लंडचा विजेता झाला. मालक बदलले, मैदान, समर्थक आणि नाव यांची परंपरा तुटली नाही.

भारतात अशी उतरंड अलीकडेच आकाराला येऊ लागली. इंडियन सुपर लीगला २०१९ मध्ये देशातील सर्वोच्च श्रेणीचा दर्जा मिळाला आणि २०२३ मध्ये पंजाब एफसी हा आय-लीगमधून बढती मिळालेला पहिला संघ ठरला. मात्र पडणाऱ्या क्लबला सावरून धरेल असा आधार अद्याप तयार झालेला नाही. मुंबईचा शेजारी एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. त्यामुळे समूहाच्या बाहेर पडण्यानंतरही मुंबई सिटी टिकून राहिला, याला केवळ एका क्लबापुरते महत्त्व नाही. देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व करणारा तो एकमेव क्लब आहे.

मैदान

पहिले दोन हंगाम क्लब नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. सुमारे ५५ हजार आसनांचे हे मैदान मुळात क्रिकेटचे आहे. २०१६ पासून अंधेरी पश्चिमेतील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील मुंबई फुटबॉल अरेना हे क्लबचे घर आहे. हे संकुल बृहन्मुंबई महानगरपालिकेचे आहे. मैदानाची क्षमता सुमारे सात हजारच असल्याने प्रेक्षक खेळाच्या अगदी जवळ असतात. मात्र तिकिटांतून मिळणाऱ्या उत्पन्नावर त्यामुळे मर्यादा येते. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषक स्पर्धेतील काही सामने येथे झाले. आशियाई चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने मात्र क्लबला पुण्यातील बालेवाडी आणि नवी मुंबई येथे खेळावे लागले.

टोपणनाव, रंग आणि समर्थक

मुंबई शहर मूळच्या सात बेटांवर वसलेले असल्याने संघाला आयलँडर्स, म्हणजे बेटकरी, असे टोपणनाव मिळाले. आकाशी निळा हा क्लबचा रंग स्थापनेपासूनचा आहे. मँचेस्टर सिटीशी असलेले त्याचे साम्य योगायोगाचे होते, कारण समूहाचा संबंध पाच वर्षांनंतर आला. वेस्ट ब्लॉक ब्लूज हा क्लबच्या समर्थकांचा प्रमुख गट आहे.

प्रतिस्पर्धा

एफसी पुणे सिटी अस्तित्वात असताना या दोन संघांमधील सामना महाराष्ट्र डर्बी म्हणून ओळखला जाई. पुण्याचा संघ गेल्यानंतर ही लढत संपली. एफसी गोवा हा जवळच्या राज्यातील संघ असून बाद फेरीतील अनेक सामन्यांमुळे त्याच्याशी चुरस वाढली. २०२१ आणि २०२४ मधील अंतिम सामन्यांमुळे मोहन बागानविरुद्धची लढत लीगमधील महत्त्वाच्या लढतींपैकी एक मानली जाते.

मुंबईच्या जुन्या आणि नव्या फुटबॉलला जोडणारे एक नाव खालिद जमील यांचे आहे. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले आणि मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक राहिलेले जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांना घडवणारे दोन्ही क्लब आज अस्तित्वात नाहीत.

हंगामनिहाय कामगिरी

२०१४: आठ संघांत सातवे स्थान
२०१५: आठ संघांत सहावे स्थान
२०१६: साखळीत पहिले स्थान, उपांत्य फेरीत पराभव
२०१७-१८: दहा संघांत सातवे स्थान
२०१८-१९: तिसरे स्थान, उपांत्य फेरीत पराभव
२०१९-२०: पाचवे स्थान
२०२०-२१: लीग शील्ड आणि चषक
२०२१-२२: अकरा संघांत पाचवे स्थान
२०२२-२३: लीग शील्ड, उपांत्य फेरीत पराभव
२०२३-२४: दुसरे स्थान, चषक विजेता
२०२४-२५: तेरा संघांत सहावे स्थान, बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात पराभव

विजेतेपदे

इंडियन सुपर लीग शील्ड: २ (२०२०-२१, २०२२-२३)
इंडियन सुपर लीग चषक: २ (२०२०-२१, २०२३-२४)
ड्युरँड चषक: उपविजेता (२०२२)